टपालची जात

कारवान कुत्र्यांची वाट तुम्हीच लावलीत! तुम्ही म्हणजे कोण, ते मी लिहिणार नाही. वाचताना ज्यांचे कान गरम होतील त्यांनी आपापलं ओळखून घ्यावं. आपल्या भागात लांब पल्ल्याचं, न थकता पळणारं कुत्रं शोधायला निघालं तर चपला झिजतात. आणि तुम्ही मात्र तांबडा रस्सा ओरपत सुस्कारे टाकता, ‘पूर्वीची जात राहिली न्हाय बघा!’ राहील कशी? राहू दिलीत का?

या विषयावरचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत, की एक सांगायला घेतला तर मागून दुसरा धडक मारतो. हसून सोडून दिलेल्या गोष्टी माणूस विसरतो. चिडून ऐकलेल्या मात्र जशाच्या तशा राहतात, बोलणाऱ्याच्या खोकल्यासकट!

तर आमचं मंडळ. साल सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या आसपासचं. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. शिरोली एमआयडीसीच्या मागच्या माळावर दर रविवारी सकाळी कारवानवाले आपापली कुत्री घेऊन जमायचे. कोल्हापुरात चार माणसं दोनदा एका जागी भेटली की मंडळ होतं आणि मंडळ झालं की अध्यक्ष लागतो. आमचे अध्यक्ष आबा, कागलकडचे ऊसवाले. त्यांच्याकडे चांदणी नावाची कुत्री होती, आणि तिच्यासारखी निखळ कारवान मादी मी तरी त्या भागात दुसरी पाहिली नव्हती. मल्लाप्पाअण्णा सीमेवरच्या गावातले भुसार व्यापारी. घरात कानडी, माळावर मराठी. बाळू एमआयडीसीत लेथवर कामाला आणि संध्याकाळी तालमीत. आबांचे जावई होते, त्यांना आम्ही सगळेच जावई म्हणायचो. आणि मी, माझ्या पप्पांबरोबर. पप्पा फाउंड्रीत मोल्डर. आमचा कुत्रा टपाल.

पिल्लू असताना तो पोस्टमनच्या सायकलमागे गावभर पळून, सगळी पत्रं वाटून झाली की घरी यायचा. म्हणून टपाल.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. कारवान नाकानं माग काढत नाही, डोळ्यानं धरतो. लांब तोंड, खोल छाती, बारीक कंबर. शिकार कायद्यानं बंद आहे, आणि बंद आहे तेच बरं. पण ज्या दमासाठी ही जात पिढ्यान् पिढ्या निवडून घडवली, तो दमच बघायचा सोडून दिला तर तो टिकेल कसा? एवढंच माझं म्हणणं होतं. टपालकडे तो दम होता. टपालला सात वर्षं झाली होती, आणि त्याचं एकही पिल्लू जगात नव्हतं. मला त्याचं एक, फक्त एक वेत हवं होतं.

* * *

जत्रेतली कुत्र्यांची शर्यत बघितलीय का? सशाच्या आकाराचं चिंध्यांचं बोचकं दोरीला बांधून ओढतात आणि कुत्री मागून सुटतात. पापणी लवेपर्यंत खेळ खलास!

जावयांचा रॉकेट तिथं दर वेळी पहिला. रॉकेटची आई कारवान, बाप ग्रेहाऊंड. सुटला की खरंच गोळी. पण गोळीसारखाच, एकदा सुटला की संपला. शर्यत झाल्यावर त्याला सावलीत आडवा करायचे, ओलं पोतं अंगावर टाकायचे आणि जावई स्वतः टोपीनं वारा घालायचे.

मी म्हटलं, “जावई, आता लगेच परत एकदा पळवा.”

“आता? शर्यत एकदाच असती ताई.”

“मग दम कसा कळणार?”

“दमाचं काय काम हाय? नंबर आला की!”

सगळा माळ रॉकेटची पिल्लं मागायला त्यांच्या मागं. मी आबांकडे तक्रार केली. जिंकणाराच नर सगळीकडे वापरला, आणि जिंकणं म्हणजे डोळा मिटून उघडेपर्यंतचं पळणं, तर पुढच्या पिढ्यांचं काय होणार?

आबा शांतपणे पान जुळवत म्हणाले, “ताई, तुमी जरा दम धरा.”

“कुत्र्यांतला दम चाललाय, आणि धरायचा मी?”

* * *

बाळूची गोष्ट वेगळी. त्याचा बिचाऱ्याचा जीव होता कुत्र्यावर. पण तालमीतला माणूस! कुत्रा आणल्या दिवशी त्याचं नाव ठेवलं ‘वस्ताद’ आणि वस्तादाला खुराक सुरू केला. सकाळी म्हशीचं दूध, वरून तूप, दुपारी मटण, संध्याकाळी बदाम वाटून थंडाई. शिवाय रोज तेलानं मालिश. मी सांगून थकले, की अरे बाबा, ह्याला अंग नको, ह्याला फुप्फुस पाहिजे! बाळू म्हणायचा, “ताई, खाल्ल्याबिगर ताकद येत्या व्हय?”

काही महिन्यांनी वस्तादला मोठ्या मिरवणुकीनं माळावर आणला. मान गेली खांद्यात, कंबर गेली कुठं ते कळेना. बाळूनं पट्टा काढून मांडीवर थाप मारली, “हुर्र!” वस्ताद दोन ढांगा पळाला, सभोवार बघितलं, आणि खाली बसला.

मल्लाप्पाअण्णा म्हणाले, “बाळू, ह्याला पळवू नगंस. ह्याला लांग बांध आणि मातीत उतरव!”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. तो कुत्रा जन्मला तेव्हा हरणासारखा होता. मी त्याला उचलून घेतला होता.

* * *

आमच्या मंडळात एक अडचण होती. ती म्हणजे मी.

कुत्र्यांच्या गप्पा म्हणजे शेवटी कुठल्या नराला कुठली मादी दाखवायची, याच गप्पा. मी येऊन बसले की सगळ्यांना ठसका लागायचा. एकदा मल्लाप्पाअण्णा रंगात येऊन बोलत होते आणि मी मागून आले. “तर मग त्या कुत्र्यानं तिला...” म्हणाले आणि थांबले. आभाळाकडे बघितलं. “तिला... राम राम केला.”

मी म्हटलं, “अण्णा, त्याला मेटिंग म्हणतात. मी परीक्षेत त्यावर उत्तर लिहिते.”

एवढे बापई गडी, पण कुणाची मान वर होईना! बाळू तर बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागला. शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला, “पोरीबाळींपुढं बोलायचं तर ‘लग्न’ म्हणत जावा.” झालं! त्या दिवसापासून आमच्या माळावर मेटिंग बंद आणि लग्नं सुरू. नर म्हणजे नवरदेव, मादीकडचे म्हणजे पोरीकडचे. ‘पावणं कुठलं?’, ‘घर कसं हाय?’, ‘सोयरीक जमली का?’

मला वाटलं, गंमत आहे. चालू दे.

* * *

मल्लाप्पाअण्णांचा सिद्धांत एकच: घरातलं रक्त घरातच राहिलं पाहिजे. एकाच वेतातल्या भाऊ-बहिणीचं ‘लग्न’, मग त्यांच्या पोरीचं त्याच बापाशी. पिल्लं यायची, पण कुणाचा खालचा जबडा आखूड, कुणाच्या पायाला बाक. थोडं पळालं की धाप.

मी त्यांच्या घरी जाऊन, वहीच्या कागदावर चौकोन आखून, दोष कसा दुप्पट होऊन बाहेर येतो ते समजावून सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अक्का, तुझं शिक्षण खरं. पण आमच्याकडं मामा भाचीला करून घेतोय. मी सुद्धा माझ्या थोरल्या भनीच्या पोरीलाच केलंय. काय बिघडलं?”

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांच्या बायकोचा.

“काय बिघडलं ते मी येऊन सांगू?”

* * *

शहरात डॉग शो भरला होता. पप्पांनी सुट्टी टाकली, टपालला अंघोळ घातली, स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला. मैदानावर सगळीकडे पॉमेरेनियन! पावडर लावलेले, रिबिनी बांधलेले. आमचा टपाल शेपूट पोटाशी धरून उभा.

पुण्याहून आलेले परीक्षक टपालपाशी थांबले. त्याच्या बरगड्या मोजल्यासारखं केलं, कमरेवरून हात फिरवला आणि पप्पांकडे बघून म्हणाले, “किती दिवस उपाशी ठेवलंय याला? पाळायची ऐपत नसेल तर पाळू नये माणसानं!”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पप्पांनी माझा हात दाबला.

“साहेब,” पप्पा म्हणाले, “ते सकाळीच जेवलंय. मीच ऱ्हायलोय.”

परीक्षकांना ते कळलंच नाही. ‘नेक्स्ट’ म्हणून पुढं गेले. ज्या माणसाला पळणारं कुत्रं आणि उपाशी कुत्रं यातला फरक कळत नाही, तो नंबर देणार, आणि त्या नंबरावर लोक जात ठरवणार!

* * *

शेवटी मी हट्ट धरला: दमाचीच परीक्षा घ्या. शिकार नको, चिंध्यांचं बोचकं नको. बाळूची लुना पुढं, कुत्री बाजूनं मोकळी, माळावरच्या गाडीवाटेनं थेट नदीपर्यंत आणि परत. टपाल, रॉकेट आणि अण्णांचा एक कुत्रा. लुनाच्या मागच्या सीटवर स्वतः जावई, पंच म्हणून.

निघताना रॉकेट लुनाच्याही पुढं होता. आम्ही बांधावर वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं आधी फटफट ऐकू आली, मग धूळ दिसली. टपाल लुनाच्या शेजारून, जीभ जरा बाहेर, एका लयीत येत होता, पोस्टमनच्या मागून यायचा तसाच. अण्णांचा कुत्रा कुठं दिसेना. आणि रॉकेट? रॉकेट लुनावर होता! जावयांच्या मांडीवर, पुढचे पाय बाळूच्या खांद्यावर टाकून, गावाला निघालेल्या पाहुण्यासारखा इकडंतिकडं बघत.

जावई उतरले. “धूर लागला त्याला लुनाचा.”

मल्लाप्पाअण्णा म्हणाले, “तसं बघाय गेलं तर पहिला नंबर रॉकेटचाच. टपालच्या दोन हात पुढं हुता की, सीटावर!”

त्या दिवशी आबा बराच वेळ टपालजवळ उकिडवे बसून राहिले. त्याच्या छातीला हात लावून बघितला. धाप केव्हाच बसली होती. आबांना कुत्रं कळायचं, हे मला मान्य आहे. राग त्याचाच जास्त येतो.

* * *

मी तीच वेळ साधली. म्हटलं, “आबा, आता सांगा. टपाल कसा आहे?”

“टपाल? नाद न्हाय करायचा! असली जात आता बघायला मिळत न्हाय. अस्सल!”

“मग चांदणी पाठवा की आमच्याकडे.”

आबांनी टपालच्या छातीवरचा हात काढला. धोतर झटकलं. जावयांकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. अण्णा आभाळाकडे बघायला लागले.

“त्याचं कसं हाय ताई,” आबा म्हणाले, “तिथं जातीचा प्रश्न येतोय.”

“आत्ता तर म्हणालात अस्सल!”

“कुत्र्याची ओ...”



मला कळायला क्षणभर वेळ लागला. पप्पांना लागला नाही. ते टपालचा पट्टा बांधायला लागले होते.

आम्ही बौद्ध. हे मंडळात सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माळावर एका किटलीतला चहा प्यायचो, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचो. पण कुत्र्यांत रिवाज असा, की मादी नराच्या घरी न्यायची, कारण नवख्या जागी नर बुजतो. दोन-तीन दिवस ती तिथंच ठेवायची. म्हणजे चांदणी आमच्या वस्तीत येणार, आमच्या दारात बांधली जाणार, आमच्या आईच्या हातची भाकरी खाणार. आणि परत जाऊन आबांच्या सोप्यात बसणार!

“घरात म्हातारी माणसं हायती ताई. पोरगी कुठं दिली म्हणून इचारतील.”

“पोरगी? आबा, ती कुत्री आहे!”

“ते झालंच. पण खाणंपिणं...”

“परवा तुमची चांदणी उकिरड्यावर मेलेली कोंबडी खात होती. मी डोळ्यानं बघितलंय!”

आबा अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “तिला कळत न्हाय ओ ताई. आमाला कळतंय न्हवं?”

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तोडगा काढणं हा आबांचा स्वभावच. त्यांनी हळूच पप्पांना बाजूला घेतलं. म्हणाले, टपालला तुम्हीच मळ्यावर सोडून जावा, कुणाला सांगायची गरज न्हाय.

पप्पा म्हणाले, “आबा, टपाल चोरागत येणार न्हाय. चांदणीला आणायचं तर दारात आणा. ऊन असताना.”

घरी जाताना मी चिडून पप्पांना म्हटलं, “मानाचं आपण नंतर बघितलं असतं. पिल्लं झाली असती ना!”

पप्पा चालत राहिले. टपाल त्यांच्या डाव्या हाताला. “जी पिल्लं आमची म्हणता येत न्हाईत,” ते म्हणाले, “ती घिऊन काय करू?”

* * *

पुढच्या वेळी चांदणी माजावर आली तेव्हा अध्यक्षांनी जाहीर केलं: चांदणीचं लग्न रॉकेटशी. जावयाचं मन मोडायचं कसं? आणि सोहळा घरी नाही, माळावर, सगळ्या मंडळासमोर. मी आबांना शेवटचं विनवलं. म्हटलं, टपाल नको तर नको, पण हिला ग्रेहाऊंडाचं रक्त देऊ नका. हिच्या पोटी रॉकेटची पिल्लं आली की हिची जात इथंच संपली. आबा म्हणाले, “पेढे सांगितल्यात ओ ताई.”

मी जाणार नव्हते. पप्पा म्हणाले, “मंडळाचं सभासद हाय आपण. जायाचं.” टपालला घेऊन आम्ही गेलो.

आबांचा हुकूम होता, की सगळ्यांनी आपापली कुत्री पट्ट्यात धरायची. बाळू वस्तादला धरून उभा, अण्णा त्यांच्या दोघांना. टपालचा पट्टा पप्पांच्या हातात. जावयांनी चांदणीसाठी शहरातून नवा पट्टा आणला होता, लाल, घुंगरांचा. पण तो लॅब्राडोरच्या मापाचा! कारवानाचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं. जीपचं दार उघडलं, चांदणी खाली उतरली, एकदा मान खाली घातली, आणि जावयांच्या हातात नुसती घुंगरं राहिली.

चांदणी सुटली!

मग कोण कुणाला धरतंय? वस्तादनं बाळूला आडवा केला. अण्णांचे दोघे अण्णांना ओढत थोडं लांब गेले आणि मग अण्णांना सोडून गेले. रॉकेट तर मोकळाच होता, नवरदेव म्हणून. मी पप्पांकडे बघितलं. पप्पांच्या हातातला पट्टाही रिकामा होता. तो कसा निघाला ते मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

सगळं मंडळ बांधावर चढलं. वस्ताद पहिल्याच कुंपणापाशी बसला. अण्णांच्या एकाला धाप लागली, दुसरा त्याला बघून थांबला. सगळ्यांत पुढं रॉकेट. बाभळीपर्यंत तो चांदणीच्या शेपटीला भिडला होता आणि इकडे जावई नाचत होते, “आला! आला! आला!” बाभळीच्या पुढं चांदणीनं नुसता वळसा घेतला, नदीकडचा लांब वळसा. रॉकेटची ढांग आखूड झाली. मग तो दुडक्या चालीवर आला. मग ओढ्यात उतरला आणि पाण्यात बसला. जावई खाली बसले.

आता उन्हात दोनच ठिपके. पुढचा पांढरा, मागचा तांबूस. मागच्याला काही घाई नव्हती. अंतर वाढत नव्हतं, कमीही होत नव्हतं. नदीपर्यंत गेले, काठानं वळले, गाडीवाट ओलांडून परत आमच्या बाजूला आले. चांदणीनं माळ सोडून भुईमुगाच्या रानात पाय टाकला आणि तिथं, रानाच्या मधोमध, ती थांबली. मागं वळून बघितलं. टपाल चालत गेला.

पुढच्यासाठी मंडळाचा शब्द मला वापरायचा नाही. मी माझा वापरते. मेटिंग झालं.

आबा बांधावरून उड्या टाकत निघाले. “धरा! तोडा त्यास्नी! ए, हाड!” मी त्यांच्या मागून. मी ओरडत होते, “आबा, मारू नका! आता तोडायचं नसतं, चांदणी जायबंदी होईल!” आबांना ऐकू येत नव्हतं. फेटा सुटून गळ्यात आलेला, तोंड लाल, श्वास पुरत नव्हता. रानाच्या कडेला पोचले, वाकून हाताला येईल ते ढेकूळ उचललं आणि भिरकावलं. ते त्यांच्याच पुढ्यात पडलं. दुसरं उचललं.

रानात परक्या गावच्या बायका भांगलत होत्या. त्या खुरपी टाकून उठल्या. त्यांना ना आबा माहीत, ना मी, ना मंडळ. त्यांच्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं चांदणीकडे बघितलं, टपालकडे बघितलं, मग ढेकूळ घेऊन धापा टाकत उभ्या असलेल्या आमच्या अध्यक्षांकडे बघितलं आणि म्हणाली,

“अवं पावणं, ढेकळं कसली टाकताय? अक्षता टाका की!”